लांडोर बंगल्याची सावली कोणाची? वाढती शहरे, हिरव्या जागा आणि खान्देशातला बौद्ध तरुण

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळच्या लळिंगच्या रानात निळे झेंडे दिसू लागतात. मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा किल्ला आणि कुरण आहे. तिथल्या लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी, न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आलेले बाबासाहेब थांबले होते. ती आठवण जपण्यासाठी खान्देशातून समाजबांधव लेकराबाळांसह तिथे येतात, अभिवादन करतात, भीमगीते ऐकतात आणि संध्याकाळी परत जातात.

त्या बंगल्याच्या नावाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. लांडोर म्हणजे मोराची मादी. जळगावातही याच पक्ष्याच्या नावाची एक जागा आहे, मोहाडी रस्त्यावरचे वन विभागाचे लांडोरखोरी वनोद्यान. मोर-लांडोर शहराच्या उंबरठ्यावर नांदत होते, याची ही नावे म्हणजे साक्षच. आता शहरेच त्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचली आहेत. नव्या कॉलन्या कुठे होणार, कोणता माळ राहणार, कोणता नाला बुजणार, हे येत्या काही वर्षांत ठरेल. ते ठरवताना आपण कुठे असणार, हा आमचा प्रश्न आहे.

आपल्यातले अनेक तरुण म्हणतील, ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर नाही त्याने मोराची चिंता कशाला करायची? हा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

शहर कोणत्या दिशेने सरकते

२००१ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ३ लाख ६८ हजार होती. २०११ मध्ये ती ४ लाख ६० हजार झाली, म्हणजे दहा वर्षांत चौथाईने वाढली. धुळे त्याच काळात ३ लाख ४१ हजारांवरून ३ लाख ७५ हजारांवर गेले. २०१८ मध्ये वलवाडी, महिंदळे यांच्यासह आजूबाजूची ११ गावे धुळे महापालिकेच्या हद्दीत आली.

हद्दवाढीच्या बातमीत घरपट्टीची चर्चा खूप होते, एका गोष्टीची होत नाही. गाव महापालिकेत गेले की ग्रामपंचायत संपते आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही संपते. गावाचे गायरान, पाझर तलाव, नाल्याकाठची झाडे यांबद्दल निदान विचारायची जी एक जागा होती, ती जाते. तिच्या बदल्यात मिळतो एक नकाशा, तो म्हणजे विकास आराखडा. तो किती जणांनी पाहिलेला असतो?

शेताचे प्लॉट कसे होतात हे खान्देशात कोणाला सांगायला नको. जमीन ग्रीन झोनमधून यलो झोनमध्ये येते, बिनशेती होते, ले-आउट पडतो, बांधावरची बाभळी-निंब जातात, नाल्याचे पात्र अरुंद होते आणि 'सर्व सोयींनी युक्त' असा फलक लागतो. जळगावजवळच्या मेहरूणची बोरे एकेकाळी शहराची ओळख होती. आज त्या बोरांच्या बागांकडे बोट दाखवायला गेले तर बोटासमोर बहुधा घरेच येतात.

'पडीक' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे

ज्या जमिनीवर पीक निघत नाही तिला महसुली कागद पडीक म्हणतो, पोटखराबा म्हणतो. माळरान, बरड, काटेरी झुडपांचे रान, नाल्याकाठचे लवण हे सगळे त्यात जाते. एकदा 'पडीक' म्हटले की तिथे काहीही करायची मोकळीक मिळते. पण माळावर तित्तिर अंडी घालतो, टिटवी घरटे करते, पावसाळ्यात मोर नाचतो, कोल्हा-लांडगा वावरतो. शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळाचे पोटही त्याच माळावर भरते.

खान्देशाने या बाबतीत जगाला एक धडा दिलेला आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणालाच सापडले नव्हते आणि ते नामशेष झाले असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञांना ते शहाद्याजवळ दिसले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्यामुळे शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. ११३ वर्षे हरवलेला हा पक्षी घनदाट अभयारण्यात सापडला नाही. सापडला तो सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ, कोरड्या, लोकांच्या वावरातल्या रानात. ज्याला कागद 'काहीच नाही' म्हणतो, तिथे काय असू शकते हे यातून कळते.

माणसांच्या वस्तीचेही कागदावर असेच होते. चाळीस वर्षे राहती वस्ती सातबाऱ्यावर 'अतिक्रमण' असते आणि नकाशावर 'मोकळी जागा'. कागदावर न दिसणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके कोणाला माहीत असणार? म्हणून माळाला आणि वस्तीला एकमेकांसमोर उभे करणाऱ्यांपासून आपण सावध राहिले पाहिजे.

भांडण कोणाचे कोणाशी?

पर्यावरणाच्या नावाने पहिला बुलडोझर गरिबाच्या झोपडीवर येतो, हा आपला अनुभव आहे. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतल्यावर महाराष्ट्रात गावोगाव नोटिसा गेल्या आणि गायरानावर पोट भरणारी हजारो कुटुंबे हादरली. पण जगपाल सिंग निकालाचा शेवटचा भाग फार कमी लोक वाचतात. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात स्पष्टपणे केलेला आहे. महाराष्ट्र शासनानेही १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले होते. त्यामागे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी उभारलेले भूमिहीनांचे लढे आहेत. १९५९ च्या लढ्यात खान्देशही होता, १९६४-६५ चा सत्याग्रह तर देशभर पोहोचला.

म्हणजे सामायिक जमीन वाचवणे आणि भूमिहीनाचा हक्क राखणे या दोन्ही गोष्टी कायद्यात एकत्र बसतात. त्यांना वेगळे करतो तो कायद्याचा सोयीस्कर वापर.

मग शहरातली हिरवी जागा खाते कोण? गरिबाची घरे? जळगावकरांसमोर याचे उत्तर अनेक वर्षे उभे आहे. १९९० च्या दशकात तत्कालीन नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी ११ हजारांहून अधिक घरकुलांची योजना आखली. बहुसंख्य घरे पूर्ण झालीच नाहीत. २००६ मध्ये गुन्हा नोंदवला गेला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले. निकालाविरुद्ध अपिले झाली, न्यायालयाचे काम न्यायालयात चालेल. पण ज्यांच्या नावाने ती योजना आली ती कुटुंबे कुठे गेली? नाल्याच्या काठाला, रेल्वे रुळाच्या कडेला, कुठल्यातरी गायरानाच्या कोपऱ्यात. नियोजनात गरिबाला जागा मिळाली नाही की तो पूररेषेच्या आत जातो आणि मग त्यालाच पर्यावरणाचा शत्रू ठरवले जाते.

आजच्या नियमांतही हीच फट आहे. डिसेंबर २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या खासगी प्रकल्पांत २० टक्के लहान घरांची अट आहे, पण ती १० लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. जळगाव आणि धुळे त्यात बसत नाहीत. रमाई आवास योजनेत घर बांधायला पैसे मिळतात, पण पायाखाली जागा स्वतःची लागते. जागा नसलेल्याने काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर विकास आराखड्यातच द्यावे लागेल. शहराच्या आत, पाणी-रस्ता-शाळा असलेल्या ठिकाणी गरिबांच्या घरांसाठी आरक्षण टाकावे लागेल. ते झाले तर नाला मोकळा राहील आणि माळही राहील.

हिरवळ गेल्याचा पहिला चटकाही आपल्याच वस्तीला बसतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. एसीत बसणाऱ्याला झाड हे शोभेचे असते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या आजीला दुपारी बसायला निंबाची सावलीच लागते. नाल्याचे पात्र वर कोणीतरी दाबले की पाणी खालच्या वस्तीत शिरते. धुळ्यात पांझरेचे पाणी चढले की आधी कोणाची भांडी वाहून जातात, हे नदीकाठच्या वस्त्यांना विचारा.

खरी लढाई नकाशावर

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार आराखड्याची सुरुवात विद्यमान भूवापर नकाशापासून होते. आज जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे याची ती नोंद असते. त्यात नाला दाखवला नाही तर पुढे नाला वाचवता येत नाही. वस्ती दाखवली नाही तर तिच्यावरच बगीच्याचे आरक्षण पडू शकते. माळ 'रिकामा' दाखवला तर तो पिवळ्या रंगात जातो. चूक इथे झाली की पुढची वीस वर्षे ती भोगावी लागते, कारण आराखडा साधारण वीस वर्षांनी सुधारला जातो.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ प्रमाणे हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. नियोजन समितीसमोर सुनावणीचा हक्कही असतो. या ३० दिवसांत जमीनमालक आणि बांधकाम व्यावसायिक वकील-आर्किटेक्ट घेऊन हजर असतात. वस्तीतले लोक बहुधा नसतात, माळावरचा पक्षी तर बोलूच शकत नाही.

आरक्षण पडले म्हणून बगीचा झाला असेही नाही. अंतिम आराखड्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. शाळा, दवाखाना, गरिबांची घरे आणि उद्यान ही सगळी आरक्षणे अशीच सुटतात. म्हणून आमचे म्हणणे आहे की घर आणि हिरवळ यांना खाणारा रस्ता एकच आहे.

तलावांचे काय? २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेले आहेत. त्यामुळे मेहरूण किंवा नकाणेसारख्या तलावांना केवळ त्या नियमांच्या भरवशावर सोडता येत नाही. त्यांचा काठ किती मोकळा राहणार हेही आराखडाच ठरवतो. आणि 'सुशोभीकरण' ऐकून हुरळून जाऊ नये. काठापर्यंत काँक्रीट, रात्रभर झगमगते दिवे, भोवती कुंपण आणि दाराशी तिकीट असेल, तर बदकेही जातात आणि गरीबही.

इथे चवदार तळे आठवल्याशिवाय राहत नाही. १९२७ चा महाडचा सत्याग्रह सार्वजनिक पाण्यावरच्या हक्काचा होता. त्या तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांची बाजू टिकली. त्याच वर्षी जुलैमध्ये ते लांडोर बंगल्यात होते. सार्वजनिक तळे कोणाच्या मालकीचे नसते, सगळ्यांचे असते, हे ज्या समाजाने रक्त सांडून सिद्ध केले, त्याने शहराच्या तळ्याकडे पाठ कशी फिरवायची?

तरुणांनी काय करून दाखवले

हैदराबाद विद्यापीठ आपल्याला रोहित वेमुलामुळे माहीत आहे. २०२५ च्या मार्चअखेर त्याच विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीच्या सुमारे ४०० एकर जागेवर बुलडोझर चालले, तेव्हा विद्यार्थी उभे राहिले. तिथल्या मोरांचे आवाज मोबाईलवरून देशभर गेले. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दखल घेऊन वृक्षतोड थांबवली. सरकारी कागदावरची किंमत वेगळी असते आणि जागेची खरी किंमत वेगळी, हे त्या मुलामुलींनी दाखवले.

त्याआधी १९९१ मध्ये बंगळूर मेडिकल ट्रस्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द ठरवला होता. तो लढा शेजारच्या सामान्य रहिवाशांनी लढवला. उद्यानासाठी रहिवासी न्यायालयात जाऊ शकतो, हे त्यातून पक्के झाले.

धम्म काय सांगतो

तथागतांचे पहिले प्रवचन सारनाथला मृगदायात झाले. मृगदाय म्हणजे हरणांना अभय असलेले वन. राजा बिंबिसाराने संघाला वेळुवन दिले तेव्हा जागा निवडताना पाहिले की ती गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी, लोकांना येता-जाता यावे आणि रात्री शांतता असावी. त्या वनात खारींना खाऊ घालायची जागा होती, हे विनयपिटकातून कळते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे नगरनियोजनच म्हणायचे. वर्षावासाची प्रथाही पावसाळ्यात उगवलेले गवत आणि लहान जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत या लोकांच्या तक्रारीतून आली.

सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात मोराचा उल्लेख आहे. राजाच्या मुदपाकखान्यात आता फक्त दोन मोर आणि एक हरीण मारले जाते आणि पुढे तेही मारले जाणार नाही, असे तो प्रजेला जाहीर सांगतो. विनाकारण वने जाळू नयेत, असे त्याच्या पाचव्या स्तंभलेखात आहे. सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला लावलेले वड माणसे आणि जनावरे दोघांच्या सावलीसाठी आहेत. दोघांच्या, हा शब्द महत्त्वाचा.

आधी आपल्या घरातला हिशेब

दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःला विचारू. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. त्या ओपन स्पेसवर मंदिर झाले की आपल्याला राग येतो, पण आपणही कुठे विहारासाठी सगळी जागा काँक्रीटने भरून टाकलेली आहे. विहार हवाच. पण त्याच्या भोवती पिंपळ, वड, निंब, उंबर आणि मुलांना खेळायला माती हवी.

लांडोर बंगल्याच्या यात्रेचेही तसेच. ३१ जुलै वर्षावासाच्या आसपास येते आणि पावसाळा हा मोरांच्या विणीचा हंगाम आहे. मोर हा १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मोठ्या गर्दीमागे प्लास्टिक उरते हे आपल्याला कोणी सांगायला नको. त्या दिवशी रानात डीजे नको, एकदा वापरून फेकायच्या पत्रावळी-ग्लास नकोत, असे आपणच ठरवले तर बाहेरच्या कोणी बोट दाखवण्याचा प्रश्नच उरत नाही. यात्रा आपली आहे, तेव्हा ते रानही आपणच सांभाळायचे.

आता करायचे काय

मोर्चा आणि निवेदन आपल्याला चांगले जमते. आता थोडे कागदाचे काम शिकू.

पहिले, आपल्या प्रभागाचा विकास आराखडा नगररचना विभागातून किंवा माहिती अधिकारातून मिळवा. कोणत्या गटात उद्यान, कुठे गरिबांच्या घरांचे आरक्षण, कुठे निळी आणि लाल पूररेषा, हे पाहा आणि विहारात मोठा नकाशा लावून रविवारी लोकांना समजावून सांगा.

दुसरे, वस्ती आणि माळ दोन्हींची नोंद स्वतः करा. किती घरे, कधीपासून, वीजबिल-घरपट्टीचे पुरावे काय, हे एका वहीत. कोणती झाडे, कोणते पक्षी, नाला कुठून कुठे, हे दुसऱ्या वहीत. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या महापालिकेची ती वही मागा आणि आपली नोंद तिच्यात घालायला लावा.

तिसरे, झाडे तोडायची नोटीस लागली की हरकत घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा अधिक वयाचे झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरते. वस्तीतल्या जुन्या वडाचे वय सांगणारे म्हातारे आपल्याकडे आहेत, त्यांचे म्हणणे लिहून घ्या.

चौथे, आराखड्याचे ३० दिवस सुरू झाले की एकाच अर्जात दोन मागण्या करा. नाला, तलावकाठ आणि माळ मोकळा ठेवा, आणि भूमिहीन कुटुंबांना शहराच्या आत जागा द्या. एक मागणी सोडून दुसरी मान्य करायला कोणी सांगेल, तेव्हा नकार द्या. पुनर्वसनाशिवाय नालाकाठ मोकळा करणे आम्हाला मान्य नाही, आणि घरकुलाच्या नावाने तलाव बुजवणेही नाही.

पाचवे, मेंढपाळ, आदिवासी आणि मासेमारी करणारे बांधव, तसेच शहरातले पक्षिनिरीक्षक यांना सोबत घ्या. ज्याचे पोट माळावर, ज्याचे जाळे तलावात, ज्याची दुर्बीण झाडावर, ते सगळे या कामात आपले आहेत.

येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर जाल, तेव्हा अभिवादन झाल्यावर थोडा वेळ शांत उभे राहा. आजूबाजूच्या कुरणातून एखादी केका ऐकू आली तर समजा की जागा अजून जिवंत आहे. आणि परतताना धुळे-जळगावच्या वाटेवर प्लॉटचे फलक मोजा. त्या फलकांमागच्या नकाशावर वस्तीची आणि लांडोरीची जागा दाखवली आहे का, हे तपासायचे काम आपले आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.